मेलेल्यांना बसवणारे चनबसप्पा

आशिषने अक्कम्मांना निजवलं, तिथंच सगळं बिघडलं.

म्हणजे अक्कम्मा आधीच गेल्या होत्या, सकाळी साडेदहाला, चहाची बशी हातात असताना. त्यात आशिषचा काही हात नव्हता. पण त्यानंतरच्या तासाभरात जे झालं ते सगळं त्याचंच. नवचेतना सेवाभावी मंडळाचा तो सेक्रेटरी. सांगोल्याहून बी.कॉम. होऊन सोलापुरात आला, एका ऑफिसात चिकटला, आणि खोली मिळाली ती मंडळाच्या अध्यक्षांची. मग सेक्रेटरीपद खोलीबरोबरच आलं, खाटेबरोबर ढेकूण यावेत तसं.

गल्लीत लिंगायत, पद्मशाली, मुसलमान, मराठे, दोन-चार जोशी-कुलकर्णी असे सगळे नांदत होते, आणि मंडळं होती सात. सातही मंडळांना सेवेची भारी हौस. उन्हाळ्यात पाणपोईचं उद्घाटन व्हायचं, दुसऱ्या दिवशी माठ कोरडा आणि बोर्ड मात्र पावसाळ्यापर्यंत. नवचेतनाची मिजास वेगळी होती, कारण त्यांच्याकडे शवपेटी होती. काचेचं झाकण, आत गारवा, खाली चाकं. पेटी आली देणगीतून. पण झाकणावर अध्यक्ष शरच्चंद्ररावांचा हात जोडलेला हसरा फोटो चिकटवलेला. आत कुणीही निजो, दर्शन आधी अध्यक्षांचं.

एप्रिलचे दिवस, पारा बेचाळीसला टेकलेला. अक्कम्मांचा मुलगा बसू कामाला बंगळुरूला, तो दुसऱ्या दिवशी सकाळी पोचणार. घरात एकटी सून, सिद्धेश्वरी. आशिष पेटी ढकलत दारात हजर.

"आमच्यात बसवत्यात की," ती म्हणाली. "मांडी घालून."

"ते नेताना, वहिनी. तोवर पेटीत ठेवायचं. सगळ्यांना चालतं."

‘सगळ्यांना चालतं’ हे त्याने कुणालाही न विचारता ठरवलं होतं. लिंगायतांची अंत्ययात्रा त्याने एकदाच, लांबून पाहिलेली. फुलांच्या विमानात ऐटीत बसलेले आजोबा बघून, निघताना उचलून बसवत असतील, असं त्याने धरून टाकलं. गेलेलं माणूस काही तासांत लाकडासारखं होतं, हे बी.कॉम.ला नव्हतं.

"चनबसप्पामामांना विचारलं असतं," ती घुटमळत म्हणाली.

"ते मंगळवेढ्याला गेलेत, संध्याकाळी येतील. तोवर या उन्हात…"

वाक्य त्याने अर्धंच सोडलं. अर्ध्या वाक्याला माणसं जास्त घाबरतात, एवढं मंडळात शिकायला मिळालं होतं. सिद्धेश्वरीने मान हलवली. शेजाऱ्यांनी हात लावला, आशिषने बटण दाबलं, फोटो काढला आणि गल्लीच्या ग्रुपवर नेहमीचा मजकूर टाकला: ‘कुटुंबीयांच्या विनंतीवरून नवचेतना मंडळाची तत्पर सेवा.’ जोडलेल्या हातांची चाळीसेक चित्रं आली. त्याला बरं वाटलं. कुणाचं तरी मरण आणि आपल्याला बरं वाटतंय, याची किळस त्याला त्या वेळी आली नाही. ती नंतर आली, आणि मग गेली नाही.

पाच वाजता अक्कलकोटच्या पुढच्या गावांतनं भावकी उतरली. पुढे अक्कम्मांची लेक दाक्षायणी. तिघा पुरुषांनी झाकण काढून अक्कम्मांच्या खांद्याला हात घातला, तर फळी उचलावी तसं सगळं अंग एकदम वर आलं. त्यांनी ते हळूच परत ठेवलं. नंतर कुणी हात लावायला तयार होईना.

दाक्षायणी रडायची थांबली आणि भावजयीकडे वळली. "आईला आडवं करून ठेवलीस व्हय? जित्तेपणी दुपारचं पडू दिलं न्हाईस, आता बरी निजवलीस."

"मंडळाच्या लोकांनी सांगितलं, वन्सं."

एका पुतण्याने मोबाइल पुढे केला. "हितं तर लिहिलंय, कुटुंबीयांच्या विनंतीवरून. कुटुंबात त्या वक्ताला कोण होतं मग?"

सगळ्यांनी सिद्धेश्वरीकडे बघितलं. आशिष दारातच होता, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडत. आता बोलायला पाहिजे, हे त्याला कळत होतं. तेवढ्यात अध्यक्षांचा फोन आला. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"तू मध्ये पडू नको. घरच्यांनी मागितली, आपण दिली. पेटीचं नाव खराब झालं तर उद्या नेणार कोण?"

आशिषने आणखी सहा खुर्च्या मांडल्या.

सहाच्या सुमाराला चनबसप्पा आले. वय अडुसष्ट, गालात तंबाखू, जिभेला हाड नाही. तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात घड्या घातल्या आणि गल्लीत माणसं बसवली. सुरुवात त्यांच्या वडिलांपासून झाली. वडील गेले तेव्हा बसवणाऱ्या जाणत्यांना आग्रह करून घ्यायचा होता. चनबसप्पांनी तो केला नाही, स्वतःच बसवलं, आणि वाईट बसवलं. रुद्रभूमीपर्यंत वडिलांची मान डोलत गेली. लोक वाकून बघत होते. "तवापासून ह्या गल्लीत कुणाची मान कलंडली न्हाय," असं ते सांगायचे, आणि सांगताना अजून रागात असायचे.

पद्मशाल्यांच्या घरी ते महापालिकेचा दाखला आणून द्यायचे. मुसलमानांच्या घरी दारापर्यंत पाणी भरायचे आणि बाहेर थांबायचे. "आतलं काम त्यांचं." सात मंडळांपैकी एकाचेही ते सभासद नव्हते. एका मंडळाने सत्कार करून शाल दिली, ती त्यांनी पुढच्याच आठवड्यात एका बेवारस म्हातारीच्या प्रेतावर घातली. तर ‘आमची शाल’ म्हणून मंडळाने म्हातारीचाही फोटो टाकला. त्या दिवशी चनबसप्पा चौकात उभे राहून सातही मंडळांना कन्नड, तेलुगू, मराठी आणि दखनीत शिव्या देत होते. आपल्या भाषेत कमी पडल्या, अशी कुणाची तक्रार नव्हती.

आत येऊन त्यांनी पेटीकडे बघितलं. "कुणी निजवलं हिला?"

झाकणावरच्या फोटोकडे बोट करून त्यांनी विचारलं, "आणि ह्यो कोण? हा बी जाणार होता काय आत?" मग आशिषकडे वळले. "काय बे सेक्रेटरी, बघत काय उभारलास? धर खालनं."

अक्कम्मांना सतरंजीवर घेतलं. गल्लीत पाणी पाचव्या दिवशी येतं आणि तो दिवस तिसरा, त्यामुळे सिद्धेश्वरीच्या घरातली भांडी तळाला गेलेली. शेजारच्या रझियाआपांनी पातेलं दारात आणून ठेवलं. "पानी गरम रखी मैं, ले जाव. और लगा तो बोलो." पुरुषांना बाहेर काढून चनबसप्पांनी दार लोटलं. आत राहिले ते स्वतः, दाक्षायणी, सिद्धेश्वरी आणि आशिष.

टॉवेल गरम पाण्यात बुडवायचा, पिळायचा, गुडघ्यावर ठेवायचा. गार झाला की दुसरा. मग तळव्याने सांधा चोळायचा, बोटभर वाकवायचा, थांबायचं. आशिषकडे पाऊल धरायचं काम होतं. ते थंडगार पाऊल, कोंदलेली खोली, कापूर, घाम, तंबाखूचा वास. त्याने तोंड बाहीत खुपसलं.

"ओकायचं तर भाईर जा," चनबसप्पा मान वर न करता म्हणाले. "पण परत ये. आणि वढू नको. वढलं की हाड बोलतंय. लेकीनं आईकला न्हाय पायजे त्यो आवाज."

आशिष बाहेर गेला आणि परत आला.

चनबसप्पा जिवंत माणसांशी बोलत नव्हते, अक्कम्मांशी बोलत होते. "कुंदर अव्वा, कुंदर." बस आई, बस. ज्या तोंडातून दिवसभर शिव्या पडायच्या त्यातून हा आवाज आशिषने कधी ऐकला नव्हता. दीड तास गेला. आधी उजवा गुडघा मऊ पडला, मग डावा, शेवटी कंबर. अक्कम्मा भिंतीला टेकून मांडी घालून बसल्या. हनुवटीखालून पट्टी गेली, कपाळाला विभूती लागली, तळहातावर इष्टलिंग आलं. दाक्षायणी आईच्या पायाशी कोसळून रडली. सिद्धेश्वरीने तिच्या पाठीला हात लावला, तो तिने झटकला.

दार उघडलं तर बाहेर अध्यक्ष, सोबत फोटोग्राफर.

"चनबसप्पा, असंच थांबा. एक फोटो. परंपरा आणि सेवा."

"ती बसलीय म्हणून मी गप हाय," चनबसप्पा म्हणाले. "न्हायतर पेटी मोकळीच हाय, तुमाला निजवलं असतं."

शरच्चंद्रराव मोठ्याने हसले. अपमान झाला की तो विनोद होता असं ठरवून टाकायचं, ही त्यांची जुनी सवय.

मोरीपाशी आशिषने चनबसप्पांच्या हातांवर पाणी ओतलं.

"सुनेला पेटीचं कुणी सांगितलं?"

"मी."

"मग ती आत बोलणी खायाली, आणि तू हितं पाणी ओतायलास."

"सांगतो सगळ्यांना."

"जितक्या लोकांत लिहिलास तितक्या लोकांत सांग. कानात सांगू नको."

दुसऱ्या दिवशी अक्कम्मा विमानात ताठ बसून गेल्या, मान कुठेही कलंडली नाही. बसू मात्र बायकोशी एक शब्द बोलला नाही. त्या रात्रीही नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी आशिषने ग्रुपवर लिहिलं: ‘घरच्यांनी पेटी मागितली नव्हती. सून नको म्हणत होती. मी चुकीचं सांगितलं.’ चार मिनिटांत मजकूर गायब झाला आणि मागोमाग आशिषही ग्रुपमधून बाहेर. संध्याकाळी अध्यक्ष जिन्यात भेटले. "खोलीचं बघ दुसरीकडं कुठंतरी," ते प्रेमाने म्हणाले.

मग पाचव्या दिवशीच्या जेवणाला तो बोलावणं नसताना गेला. पंगत बसली होती. उभ्या उभ्या, कुणी विचारलेलं नसताना, त्याने सगळं सांगितलं. वाढणाऱ्यांचे हात थांबले. पुतण्याने मोबाइल खिशात घातला. बसू हातातला घास तसाच ताटात ठेवून आत गेला. थोड्या वेळाने आतून सिद्धेश्वरीचा आवाज आला, चांगलाच चढलेला. बाहेर पंगतीने पुन्हा जेवायला सुरुवात केली.

निघताना ती दारात आली. डोळे लाल, पण पदर खोचलेला.

"मला माहीतच हाय की काय झालं ते. वन्संना सांगायचं होतं. त्या पहिल्या पंगतीला जेवून दुपारच्या यष्टीनं गेल्या."

"फोन करतो त्यांना."

"फोनवर नको. फोनवरच तर झालंय सगळं."

दाक्षायणीचं गाव अक्कलकोटच्या पुढे, दोन एसट्या बदलून. पहिला रविवार आशिषचा खोली बदलण्यात गेला. दुसऱ्या रविवारी ऊन फार होतं, असं त्यानेच ठरवलं. चहाच्या गाड्यावर चनबसप्पा भेटतात, गाल बदलून तंबाखू सरकवतात.

"गेलतास का बे?"

"या रविवारी."

चनबसप्पा पिंक टाकतात आणि पाठ फिरवून बसतात.