सिस्टर म्हणजे कोण

"एक पोरगी दिली मी सिस्टर व्हायला. दुसरी देणार नाही," नंदाखाल गावचे केळीबागायतदार पास्कलभाऊ म्हणाले आणि त्यांनी प्रॉस्पेक्टस माझ्याकडे सरकवलं.

शेजारी त्यांची धाकटी, सरिता, मान खाली घालून बसली होती. नर्सिंगच्या डिग्रीला तिचा नंबर लागला होता. संध्याकाळपर्यंत वडिलांनी सही केली नाही, तर जागा वेटिंग लिस्टमधल्या पुढच्या मुलीला जाणार होती.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वसईतल्या एका छोट्या कॉलेजात मी अ‍ॅडमिशन काउन्सेलर होते. काउन्सेलर म्हणजे मुलांना कोर्स समजावणारी आणि पालकांचं ऐकून घेणारी बाई. आरोग्याचे आमच्याकडे तीन कोर्स होते: नर्सिंग, लॅब टेक्निशियन आणि हॉस्पिटल मॅनेजमेंट. तिसऱ्यात टाय सक्तीचा आणि विद्यार्थी दुर्मीळ. प्रिन्सिपॉलसरांचा जीव त्याच्यावरच.

"पगार चांगला असतो," मी सुरुवात केली.

"थोरलीला कुठे मिळतो? सगळा संस्थेत जमा."

असं कुठलं हॉस्पिटल, हे मला कळेना. पण पालकाला मध्येच तोडायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम.

"हिला ते लॅबचं द्या."

"पप्पा, मला बाटल्या नाही तपासायच्या. माणसांजवळ काम करायचंय."

"तू गप."

तेवढ्यात सर केबिनमधून बाहेर आले. "मॅनेजमेंट घ्या. भविष्य आहे त्यात."

"टाय घालून केळी मोजणार का ही?" पास्कलभाऊंनी विचारलं. सर पुन्हा आत गेले.

"हॉस्टेल चांगलं आहे," मी म्हटलं. "सुट्टीला घरी येईल. लग्नानंतरही ड्यूटी करता येते."

"कोणाच्या लग्नानंतर?"

"हिच्याच."

"सिस्टर लग्न करतात?"

"माझी मावसबहीण सिस्टर आहे. दोन मुलं आहेत तिला."

पास्कलभाऊंनी बसल्या जागी क्रुसाची खूण केली. तेव्हा माझी ट्यूब पेटली. थोरली हॉस्पिटलात नव्हती, नन होऊन मठात होती.

"अहो, ही नर्स होणार. इंजेक्शन देणारी सिस्टर."

"मग तसं छापा ना."

त्यांचं म्हणणं रास्त होतं. सरांना 'नर्स' हा शब्द फार साधा वाटायचा. म्हणून प्रॉस्पेक्टसमध्ये होतं, 'परिचर्याशास्त्र: सेवा, त्याग, समर्पण'. खाली शपथविधीचा फोटो. पांढऱ्या कपड्यांतल्या मुली, हातात मेणबत्त्या. थोरलीने व्रत घेतलं तेव्हाचा फोटोही असाच आहे, असं पास्कलभाऊ म्हणाले. तीही आधी शिकायला म्हणूनच गेली होती, मग मठातच राहिली.

"तू का नाही सांगितलंस?" मी सरिताला विचारलं.

"सिस्टर म्हटलं की पप्पा उठून वाडीत जायचे. मला वाटलं, बेडपॅनची लाज वाटते त्यांना."

"बेडपॅनचं काय घेऊन बसलीस," पास्कलभाऊ म्हणाले. "घरी येत राहशील ना?"

तिने मान हलवली. त्यांनी सही केली.

पुढच्या वर्षी मी सरांना 'नर्सिंग' छापायला सुचवलं. त्यांनी 'समर्पण'च्या आधी 'निष्ठा' घातली. मी आपली कोर्स समजावण्याआधी विचारू लागले, "सिस्टर म्हणजे कुठली?" माझ्या नोकरीत यापेक्षा उपयोगी प्रश्न मला सापडला नाही.

सरिता नर्स झाली. काही वर्षांनी तिच्या लग्नाचं बोलावणं आलं. पास्कलभाऊंनी माझ्या हातात सुकेळीची, म्हणजे वाडीतल्या वाळवलेल्या केळ्यांची, पुडी ठेवली आणि भर मांडवात अभिमानाने ओळख करून दिली, "फादर, याच त्या मॅडम. यांनी माझ्या पोरीला सिस्टर केलं."

फादरनी आधी नवरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.