अण्णांचा डावा हात

अण्णांनी माझा दात पाडला त्या दिवशी मी त्यांना मारलं. एकदा नाही, तीनदा. बहिणीला सांगितलं, अण्णांना बाथरूममध्ये नेताना पाय घसरला, दोघं पडलो. तिने विश्वास ठेवला. वडिलांवर हात उचलणाऱ्यांतला मी नाही, असं तिला वाटतं. मलाही वाटायचं.

अर्धांगवायूने अण्णांची उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. राहिला डावा हात. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात टर्बाइनवर पस्तीस वर्षं काढलेला तो हात. अंग पुसायला गेलं की तो कानशिलात बसायचा, नखं गाल फाडायची. एकदा डायपर बदलताना ते माझ्या मनगटाला चावले आणि सोडेनात. बायकोने जबडा उघडला तेव्हा सुटलो. त्यांना सांभाळायला ठेवलेली तीन माणसं दोन महिन्यांत काम सोडून गेली.

चौथ्या ताई कळवणकडच्या. पहिल्याच दिवशी अण्णांनी त्यांच्या थोबाडीत दिली. मी धावलो. त्यांनी मला अडवलं, अण्णांकडे बघत तळवा गळ्यावरून आडवा फिरवला, जीभ बाहेर काढली आणि धाडकन फरशीवर पडल्या.

"मेले रे बाबा! आता तुमचं अंग कोन पुसंल?"

ती खूण अण्णांचीच. टर्बाइनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिथे ते हातांनी बोलत. गळ्यावरून तळवा म्हणजे मशीन बंद. जेवण पुरे झालं की अजूनही तीच खूण करायचे. ताईंनी ती सकाळीच पाहून ठेवली होती.

अण्णा हसले. तोंड वाकडं, लाळ हनुवटीवर, घशातून नुसती खरखर; पण हसले. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा.

मग तो खेळच झाला. अण्णांनी मारायचं, ताईंनी मरायचं, अण्णा हसतायत तोवर अंग पुसून घ्यायचं. मारही हलका होत गेला. "आज जोर नाय बाबा, वरण पातळ होतं का?" असं ताईंनी म्हटलं की अण्णांचं पोट हलायचं. मी दारातून बघायचो आणि, खरं सांगतो, जळायचो. रजा माझ्या संपल्या, कंबर माझी गेली, आणि हसू परक्या बाईला.

एका रविवारी ताई सुट्टीवर होत्या. मी अण्णांना भात भरवत होतो. त्यांनी स्टीलचा पेला उचलून माझ्या तोंडावर हाणला. दात तुटला, रक्त शर्टावर आलं. आणि अण्णा हसायला लागले. भुवया उंच करून, माझ्याकडे बघत. मला वाटलं, माझं रक्त बघून हसतायत. मी मारलं. तिसऱ्या फटक्याला त्यांचं डोकं खाटेच्या कठड्यावर आपटलं. त्यांनी डावा हात वर केला, मला मारायला नाही. तोंड झाकून घेतलं.

सोमवारी ताईंनी अण्णांच्या गालावरचा वळ पाहिला, माझा ओठ पाहिला. त्यांच्यासमोर खोटं निघेना.

"हसत होते ना ते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग पडायचं ना भाऊ! लय दिवसांपासून तुम्ही दारात दिसले की मला तुमच्याकडं बोट दाखवायचे. याला पन घे म्हनून. हातात पेला हाय हे त्यांला कुठं कळतं?"

त्या दिवशी मी अण्णांच्या समोर फरशीवर पडलो. जीभ काढून, डोळे मिटून. डोळे उघडले तेव्हा त्यांचा हात तोंडावरच होता. बोटांच्या फटीतून ते बघत होते, मी आता उठून काय करतो ते.

अण्णा आता मला मारत नाहीत. भरवायला बसलो की मुकाट्याने तोंड उघडतात, लवकर लवकर गिळतात. सकाळी आत ताई अंग पुसत असतात तेव्हा हसण्याची खरखर बाहेर ऐकू येते. मी डोकावलो की ती थांबते. म्हणून त्या वेळी मी औषधं आणायला गंगापूर रोडला जातो. घरात औषधं असली तरी जातो.