दोन किनाऱ्यांची हॉकी

मी जहाजावर इलेक्ट्रिशियन होतो. राजापूर तालुक्यातल्या आमच्या बौद्धवाडीतले बाप्ये मुंबईला गोदीत नाहीतर सरकारी कचेरीत लागायचे. मी गोदीपर्यंत गेलो आणि तिथूनच पुढे पाण्यात उतरलो. आमचं जहाज धान्य आणि लाकूड घेऊन पॅसिफिक महासागरात येजा करायचं. एका काठाला कॅनडातलं व्हँकुव्हर, दुसऱ्या काठाला रशियातलं व्लादिवोस्तोक. हिवाळ्यात दोन्हीकडे माल चढायला उशीर व्हायचा, आणि तेवढ्या दिवसांत खलाशी दोन्हीकडे एकच गोष्ट बघायला जायचे, बर्फावरची हॉकी.

आपल्या हॉकीशी तिचं नातं काठीपुरतंच. पायात पात्यांचे बूट, चेंडूच्या जागी रबराची जाड चकती, आणि ती इतक्या जोरात जाते की पहिल्या सामन्यात मला ती दिसलीच नाही. लोक ओरडले तेव्हा गोल झाला असं समजायचं. पण दोन-तीन हिवाळ्यांत डोळा बसला. मग मी बंदरात उतरलो की आधी सामना कधी आहे ते विचारायचो आणि मग घरी फोन करायचो.

अमेरिका-कॅनडाची लीग एक आणि रशियाची एक. दोन्हीकडे पोट हॉकीवरच भरणारे खेळाडू, पण ह्या दोन लीगांतले संघ एकमेकांविरुद्ध खेळत नाहीत. पूर्वी कधीमधी मैत्रीचे सामने झाले, आता रशियाची लढाई सुरू झाल्यापासून तेही नाही. मी दोन्ही काठांवर बसून बघितलेलं असल्यामुळे माझ्या डोक्यात एक वाद कायमचा बसला. समोरासमोर आले तर कोण जिंकेल? कॅनडातलं बर्फाचं मैदान अरुंद. तिथे अंगावर जाणं जास्त, खेळाडू मैदानाच्या कडेच्या फळीवर आपटतो तेव्हा आपल्या खुर्चीला हादरा बसतो. व्लादिवोस्तोकला मी बघितलं तेव्हाचं मैदान चांगलं रुंद होतं. तिथे चकती फिरवत ठेवायचे, घासाघीस करणारं गिऱ्हाईक दुकानदाराला दमवतं तसं समोरच्याला दमवायचे आणि मग एकदम मारायचे. जगातले चांगले खेळाडू पैशामुळे अमेरिकेकडे जातात हे खरं. पण रुंद बर्फावर तेच खेळाडू हरवल्यासारखे होतील असं माझं मत होतं. आजही थोडंफार आहे.

निवृत्त झाल्यावर रत्नागिरीजवळ भाट्याला घर बांधलं. मुलीने टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं आणि दोन्ही लीग घरात आल्या. व्हँकुव्हरमधली संध्याकाळ म्हणजे आपली न्याहारीची वेळ, आणि व्लादिवोस्तोकचा सामना आपल्याकडे दुपारच्या जेवणानंतर. बायको होती तोवर ती दोन्ही वेळेला शेजारी असायची. खेळातलं तिला काही कळत नव्हतं. भाजी निवडता निवडता ती ‘हं’ म्हणायची आणि मध्येच विचारायची, “मग, आज तुमचे रशियावाले काय म्हणतायत?” मी सांगत बसायचो.

ती गेली. मुलगी पुण्यात, तिची नोकरी, तिची पोरं. फोन करते, काळजी करते. “बाबा, अजून ते बर्फावरचंच बघता? जरा माणसांत जा की.”

माणसांत मी जात होतो. भाट्याच्या सुरूबनात सकाळी फिरायला येणारा आमचा एक गट आहे, निवृत्त शिक्षक, बँकवाले, एक एसटीतले कंट्रोलर. क्रिकेटवर बोलणं चालतं, कबड्डीवर तर भांडणं होतात. एकदा मी माझा वाद त्यांच्यासमोर काढला. रुंद बर्फ, अरुंद बर्फ, सगळं हातवारे करून सांगितलं. कंट्रोलर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “पण मग त्यांच्यात एक मॅच का नाही लावत? मिटला विषय.”

“लावत नाहीत ना,” मी म्हटलं.

“मग तुम्ही कशाला डोकं शिणवता?”

सगळे हसले, मीही हसलो. त्या दिवसापासून मला तिथे ‘बर्फवाले’ म्हणतात. प्रेमानेच म्हणतात. पण एखादी गोष्ट आपल्याला मनापासून कळते आणि आख्ख्या गावात ती दुसऱ्या कुणाला कळत नाही, ह्याचं काय करायचं ते मला उमजलेलं नव्हतं. आजारपण सांगता येतं, दुःखही सांगता येतं. हे कसं सांगणार?

त्या वर्षी डिसेंबरात मी कानटोपी घ्यायला शहरात गेलो. दर हिवाळ्यात रत्नागिरीत स्वेटरवाल्यांचे तंबू लागतात. लोक त्यांना सरसकट नेपाळी म्हणतात. आपल्याकडे थंडी ती किती, पण पोरांच्या सहली महाबळेश्वरला जातात, म्हाताऱ्यांना पहाटेचं वारं लागतं, म्हणून धंदा होतो. एका तंबूत एक बाई आणि एक पंचविशीतली मुलगी होती. वर टांगलेला स्वेटर त्या मुलीने एका काठीने उतरवला. काठीच्या टोकाला खिळ्याचा आकडा ठोकलेला होता आणि मुठीकडच्या बाजूला काळी चिकटपट्टी गोल गोल गुंडाळून गाठ केलेली होती.

ती गाठ मी हजारदा बघितलेली. काठी निसटू नये म्हणून बर्फावरचे खेळाडू तशी बांधतात.

“ही हॉकीची आहे ना? बर्फावरच्या?” मी हिंदीत विचारलं.

मुलगी वळून बघतच राहिली. “तुम्हाला कसं माहीत?”

ती लडाखची होती. लेहपासून दूर एका गावातली. गावाच्या तळ्यावर थंडीत बर्फ धरतो आणि पोरं-पोरी त्यावर हॉकी खेळतात. ही गोलकीपर. बरोबरची बाई तिची मावशी. वडिलांचा पाय गाडीच्या अपघातात निकामी झाला, तेव्हापासून ती मावशीबरोबर स्वेटर विकायला खाली येत होती. “हिवाळा हाच धंद्याचा, अंकल, आणि हिवाळा हाच खेळाचा,” ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. काठीचं पातं मोडलं म्हणून फेकवेना, तेव्हा आकडा ठोकून सोबत आणली होती.

कानटोपी घेतल्यावरही मी उभाच. किती वर्षांनी असं माणूस भेटलेलं! मोबाइल काढून म्हटलं, “व्हँकुव्हरचा कालचा सामना दाखवू?”

“नको,” ती पटकन म्हणाली. “मी बघत नाही. बघितलं की पाय गप्प बसत नाहीत.”

मी मोबाइल खिशात ठेवला. रिक्षात बसल्यावर फार वाईट वाटलं, तिच्यासाठी की माझ्यासाठी ते नीट सांगता येणार नाही.

पुढे दोनदा-तीनदा काहीतरी निमित्त काढून त्या बाजूला गेलो. हातमोजे घेतले, पुण्याच्या मुलीसाठी शाल घेतली. मावशी हसून चहा मागवायची. हॉकीचं नाव मी काढलं नाही.

मग जानेवारीत अवकाळी पाऊस आला, वाऱ्यासकट. सकाळी गेलो तर तंबू अर्धे खाली, आणि मावशी ओल्या गठ्ठ्यावर बसलेली. लोकर भिजून दगडासारखी जड झाली होती. त्यांची भाड्याची खोली एवढीशी. तिथे माणसं झोपणार की माल वाळणार?

“माझ्या घरी चला,” मी म्हटलं. “घर मोठं आहे, माणूस एकच आहे.”

मावशीने मुलीकडे बघितलं. मुलगी म्हणाली, “फार सामान आहे, अंकल.”

“दोऱ्या पण फार आहेत. जहाजावरचा माणूस मी.”

टेम्पो करून सगळं भाट्याला आणलं. पडवीत, माडीवर, हॉलमध्ये खिडकीपासून खिडकीपर्यंत दोऱ्या ताणल्या, सगळे पंखे लावले. घरभर स्वेटर. लाल, निळे, लहान पोरांचे, अस्वलाची चित्रं असलेले. चालताना ओल्या बाह्या तोंडाला लागायच्या. हॉलमध्ये बुद्धाची तसबीर आहे, तिच्यासमोर मावशीने आल्या आल्या हात जोडले आणि तिच्या भाषेत काही पुटपुटली. मग मला विचारलं, “तुम्ही आमचेच?” मी त्रिसरण म्हणून दाखवलं. शब्द वेगळे, चाल वेगळी, पण ती मान हलवत राहिली.

मी हौसेने सुरमई आणली होती. त्या दोघी मासे खात नव्हत्या. मग चवळीची उसळ केली, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. माझी भाकरी गोल होत नाही. मुलीने ती उचलून म्हटलं, “हे बघ मावशी, आपलं तळं.” त्या घरात पुष्कळ दिवसांनी कुणी हसलं.

जेवण झालं, पंखे घरघरत होते, करायला काहीच नव्हतं. व्लादिवोस्तोकच्या सामन्याची वेळ झालेली. मी टीव्हीकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. तिच्या ते लक्षात आलं असावं.

“लावा, अंकल,” ती म्हणाली. “लावा तुम्ही.”

ती आधी जमिनीवर बसली, मग गुडघ्यांवर उठली, मग उभीच राहिली. टांगलेल्या स्वेटरांमधून मान काढून बघत होती. गोलकीपर डावीकडे सरकला की ही डावीकडे सरकायची. गोल खाल्ला तेव्हा तिने कपाळावर हात मारला. “आधीच खाली बसला! उभा राहायला पाहिजे होता.”

मग मी माझा प्रश्न विचारला. इतक्या वर्षांत तो नीट विचारावा असं माणूसच मिळालेलं नव्हतं. ही लीग आणि अमेरिकेची लीग समोरासमोर आल्या तर कोण जिंकेल?

ती परत जमिनीवर बसली. मग म्हणाली, “आमच्या गावाची टीम आणि लेहची टीम, ह्यांच्यावरून आमच्याकडे असंच भांडण होतं. त्यांच्याकडे बांधलेलं रिंक, काचेसारखा बर्फ. आमच्याकडे तळं. मध्ये भेग, कडेला दगड. लेहला गेलो तर आम्ही खूप गोलांनी हरलो. मग त्या मुली आमच्या तळ्यावर आल्या आणि हरल्या. चकती कुठे उडेल त्यांना कळेचना.”

“मग चांगलं कोण?”

“घरी असलं की सगळेच चांगले, अंकल.”

हे मला पटलं नाही, आणि मी तसं म्हणालो. निर्णय लागला पाहिजे. अर्धे सामने इकडे, अर्धे तिकडे घ्यावेत. ती म्हणाली, मग पंच कुणाचे? मारामारीला शिक्षा कुणाच्या नियमाने? मी म्हटलं, पंच तिसऱ्या देशाचे. ती म्हणाली, गोलकीपरला विचारा, अरुंद मैदानात चकती येते कुठून ते बघायला वेळच नसतो, रुंदावरून आलेला पोरगा तिथे पहिला महिनाभर रडेल. मी म्हटलं, आणि अरुंदावरचा रुंदावर? ती हसली. “तोसुद्धा रडेल.” आम्ही संध्याकाळपर्यंत भांडलो. मावशी सोफ्यावर झोपून गेली होती.

माल वाळायला आणखी एक दिवस लागला. मग टेम्पो आला, दोऱ्या सुटल्या. त्या हंगाम संपवून गेल्या तेव्हा माझा निरोपही घेऊन गेल्या. मुलगी म्हणाली, “पुढच्या वर्षी उरलेलं भांडू.”

पुढच्या वर्षी तंबू लागले त्याच दिवशी मी गेलो. मावशी होती. बरोबर तिचा भाचा होता. मुलगी कुठे, असं मी विचारायच्या आधीच मावशीने मोबाइल पुढे केला. पांढरं तळं, मागे तपकिरी डोंगर, लहान लहान मुलींची रांग, आणि पुढे पात्यांच्या बुटांवर मागे मागे सरकत जाणारी ती. गावातल्या मुलींना शिकवण्याचं काम तिला मिळालं होतं. पगार थोडा, पण मिळत होता. “आता ती खाली येणार नाही,” मावशी म्हणाली. तिला आनंद झाला होता. मलाही झाला. खोटं नाही सांगत, खरंच झाला. तरी घरी चालत येताना भाट्याच्या पुलावर मला मध्येच थांबावं लागलं.

तिचा एकदा फोन आला, व्हिडिओवर. नाक लाल, तोंडातून वाफ. यंदा बर्फ उशिरा धरला म्हणाली. माझ्याकडे सांगायला केवढं साठलेलं. व्हँकुव्हरने नवा गोलकीपर घेतला होता, रशियातून आलेला, आणि मला तिला विचारायचं होतं की हा रडेल का. मी “अगं, तो नवीन...” एवढं म्हणालो आणि मागून मुली तिला हाका मारू लागल्या. “अंकल, करते परत,” ती म्हणाली. चित्र अडकलं आणि गेलं.

तिने परत केला नाही. तिकडे नेटवर्क नसतं, आणि ती कामात असते, हे मला ठाऊक आहे. मीही केला नाही.

अशीच एक दुपार झालेली. मी टीव्ही लावला. रशियावाले दोन गोलांनी मागे होते. समालोचन रशियनमध्ये, त्यातले चार-दोन शब्दच मला येतात. मी आवाज वाढवला आणि चहा ठेवायला आत गेलो.