फरकाचा रकाना

खडकीत एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या जागेत मी व्यायामशाळा चालवतो. दाराला पायरी नाही, उतार आहे. त्यामुळे काठीवाले, व्हीलचेअरवाले, पोलिओ झालेले असे लोक माझ्याकडे येतात. इतरत्र त्यांना 'आधी डॉक्टरांना विचारून या' एवढंच ऐकायला मिळतं.

नवा माणूस आला की मी त्याला छताला टांगलेल्या ओळंब्यासमोर उभं करतो आणि खांदे, कंबर, गुडघे कुठे कलतात ते लिहून घेतो. कागदावर तीन रकाने: उजवं, डावं, फरक. फरक मी लाल पेनाने लिहायचो. त्या कागदाचा मला फार अभिमान होता.

एकदा कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करणाऱ्या एक बाई आल्या. पन्नाशीच्या. लहानपणच्या पोलिओने डावा पाय बारीक आणि आखूड. मी सवयीने विचारलं, "वजन कमी करायचंय का?"

"नाही. जमिनीवरून उठायचंय."

विहारात वंदनेला सगळे सतरंजीवर बसतात. त्याही बसायच्या. मग एकदा उठताना पडल्या आणि तेव्हापासून घरचे त्यांच्यासाठी मागे, चपलांशेजारी, प्लॅस्टिकची खुर्ची मांडू लागले. "माझी आई पुढच्या रांगेत बसायची," त्या म्हणाल्या. "या बुद्धपौर्णिमेला मला तिथं बसायचंय. आणि कुणी बखोटीला धरून उठवायचं नाही."

त्यांच्या कागदावरचा तिसरा रकाना लालभडक झाला. मी कामाला लागलो. डाव्या पायाखाली लाकडी फळी, पाठ ताठ, दोन्ही पायांवर सारखा भार, नजर समोर. दोन महिने हेच. त्या एक दिवस चुकल्या नाहीत, पण त्यांना उठता मात्र येईना. गुडघा सुजला तेव्हा मी आधी त्यांच्या बुटांना दोष दिला, मग त्यांच्या ऑफिसातल्या खुर्चीला. नाचता येईना, अंगण वाकडं.

एका सकाळी त्यांच्या स्कूटरची किल्ली बाकाखाली गेली. मी पाठमोरा वजनं लावत होतो, पण समोर आरसा होता. त्या खाली बसल्या, किल्ली काढली. मग दोन्ही तळवे जमिनीवर टेकले, आधी कंबर वर घेतली, डाव्या हाताने डावा गुडघा मागे दाबून धरला आणि अंगाला एक पीळ देऊन उभ्या राहिल्या. धापही लागली नव्हती.

"अहो, हे आधी का नाही दाखवलंत?"

"तुम्ही सरळ उठायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. किल्ली पर्समध्ये टाकत पुढे म्हणाल्या, "घरी दार लावून अशीच उठते. चारचौघांत बरं दिसत नाही. त्या दिवशी विहारात लाजून इतरांसारखी उठायला गेले, म्हणूनच पडले."

मला राग आला, तो स्वतःचाच. दोन महिने मी त्यांना त्याच पडण्याची तालीम देत होतो.

फळी काढून टाकली. उरलेले सहा आठवडे आम्ही फक्त तळवे, खांदे आणि तो पीळ यांवर काम केलं. शेवटच्या आठवड्यात त्या पांढरी साडी नेसून आल्या आणि भर गर्दीच्या वेळी, सगळ्यांसमोर, वीस वेळा उठल्या.

पौर्णिमेला त्यांनी मला बोलावलं. त्या पुढच्या रांगेत होत्या, मी बाजूला भिंतीशी. वंदना संपली, लोक उठले. त्यांनी तळवे टेकले, कंबर वर घेतली, गुडघ्यावर हात दाबला. इतरांपेक्षा वेळ लागत होता. मागच्या बायका थांबून बघत होत्या, पण एकीनेही हात लावला नाही. त्यांना बजावलेलं असणार.

अंगाला पीळ देताना त्या क्षणभर डगमगल्या आणि मी झटकन पुढे होऊन त्यांचं बखोट धरलं.

त्या उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "सर, तुम्हीसुद्धा?"