शिरस्त्राणाखालचा सिरिल

इंग्लंडातल्या आमच्या वेस्टन गावचा समुद्र ओहोटीला पार दिसेनासा होतो आणि मागे नुसता चिखल ठेवतो. हेस्टर ट्रेगो म्हणायची, "सिरिलसारखाच गं. पण हा निदान परत तरी येतो."

सिरिल तिचा नवरा, बस चालवायचा. टकलू, पोट गोल, आणि हसला की डोळे शोधावे लागायचे. लढाई संपली त्याच हिवाळ्यात गेला बिचारा. मग शेजारची ही माझी हेस्टर कापडवाल्याच्या दुकानावरच्या मंडळात जायला लागली. टॅरोचे चित्रांचे पत्ते आणि कबाला नावाची ज्यूंची गूढ विद्या शिकवायचे तिथे.

"पत्ते कुटायला जातेस होय?" मी विचारलं.

"अगं मॅज, हे खेळायचे नाहीत. समोर ठेवून बघत बसायचे."

मला वाचायला जेमतेम येतं, म्हणून तिने सिरिलच्या बसचा जुना नकाशा काढून समजावलं. कबालाचं एक झाड असतं. त्याला दहा थांबे, बावीस रस्ते. रस्त्यागणिक एक हिब्रू अक्षर, एक रंग, एक पत्ता. वरच्या टोकाला देवाचा मुकुट, तळाशी आपण.

"म्हणजे आपण डेपोत," मी म्हणाले.

"हो. आणि गाडी कधी सुटणार, ते कुणी सांगत नाही."

मंडळाची एक आतली खोली होती. तिथे मन स्थिर झालं की गेलेलं माणूस जवळ आल्यासारखं वाटतं, असं म्हणत. हेस्टरला तिथेच जायचं होतं. पण आत जायचं तर मंडळाचा पत्त्यांचा जुना जोड घरी आणून पत्ता न् पत्ता आपल्या हाताने उतरवायचा. रंग चुकायचा नाही, आणि ओळखीचा चेहरा तर मुळीच आणायचा नाही. उतरवलेला जोड मंडळाच्या मिस्टर लुडगेटना पसंत पडला तरच दार उघडणार.

तिच्या स्वयंपाकघरात बटाट्यांशेजारी ब्रश भिजत पडायचे. पत्ते छान उतरत गेले. मग आला प्रेमिकांचा. त्याचं अक्षर तलवारीचं, रंग नारिंगी. खडकाला साखळीने जखडलेली ग्रीक गोष्टीतली अँड्रोमेडा, खाली समुद्रातला राक्षस, आणि तिला सोडवायला वरून तलवार घेऊन उडत येणारा पर्सियस.

पर्सियस उतरला तो सिरिल होऊन. पुसला, पुन्हा काढला, पुन्हा सिरिलच. पोटासकट.

"अगं, हा उडणार कसा? राक्षसावर पडला तर राक्षसच मरेल," मी म्हटलं. ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना.

"नियमाप्रमाणे चेहरा बदलायला हवा," ती म्हणाली. "बदलला नाही तर आत नाही. आणि बदलायला हात उचलत नाही."

"मग नको जाऊस आत."

"म्हणजे त्याला भेटायला जायचं, तर त्यालाच पुसायचं, आणि नाही पुसला तर जायचं नाही! तूच सांग आता काय ते."

मी चहा ठेवला.

पण चहा पिता पिता तिला लुडगेटांनीच मंडळात सांगितलेली गोष्ट आठवली. पर्सियसला देवांनी एक शिरस्त्राण दिलं होतं. ते घातलं की माणूस असून दिसत नाही. जुन्या पत्त्यात ते कपाळावर सरकवलेलं होतं. हेस्टरने ते हनुवटीपर्यंत ओढलं. खाली सिरिल तसाच.

पत्ते तपासायला लुडगेट आमच्याच गल्लीत आले. हा पत्ता त्यांनी खिडकीपाशी नेला. रंग पातळ होता, उजेडात काय दिसायचं ते दिसलं असणारच. सिरिलच्याच बसने ते जन्मभर दवाखान्यात गेलेले.

"मिसेस ट्रेगो, हे पोट?"

"अंगरख्यात वारा भरलाय, मिस्टर लुडगेट. उडतोय ना तो."

म्हाताऱ्याने पत्ता पुन्हा उजेडात धरला. हेस्टरने माझा हात असा दाबला की अंगठी रुतली.

"शिरस्त्राण असावं असं आहे," तो शेवटी म्हणाला. "किती खाली ओढावं, ते कुठे सांगितलेलं नाही. गुरुवारी या. आणि शाल आणा."

गुरुवारी ती परतली तेव्हा मी दारातच उभी होते.

"काय होतं गं आत?"

"मेणबत्ती. कडक खुर्च्या. गारठा म्हणजे काय विचारू नकोस."

"आणि सिरिल? दिसला?"

"दिसेल कसा, वेडे?" ती शाल सोडत म्हणाली. "शिरस्त्राण घातलंय ना त्याने."