श्रावणातला पाय

गेल्या श्रावणात आमच्या घरी एक पाय मोडला. घरातली माणसं मात्र सगळी धडधाकट आहेत आणि भोईवाड्यातून दादरला चालत जाऊन भाजी आणतात.

आधी माझ्याबद्दल सांगायला हवं. माझी सगळी नोकरी गोदीत माल तपासण्यात गेली. बंद खोकं, शिवलेलं पोतं, सील मारलेलं पिंप, जे दिसेल ते उघडून बघायचं, हेच काम. मी निवृत्त झालो, सवय झाली नाही. शेजाऱ्यांचं कुरिअर चुकून आमच्याकडे आलं तरी मी ते कानाशी धरून हलवून बघतो. माझी बायको सुलभा सगळ्यांना सांगत असते, "यांनी लग्नात मंगळसूत्राची डबीसुद्धा दोनदा उघडून बघितली!" (तीनदा. तिसऱ्या वेळेचं तिला माहीत नाही.)

तर आमच्या ऋतुजाने ओंकार नावाचा मुलगा पसंत केला होता. गिरगावातलं जुनं घर, शिकलीसवरलेली माणसं. रविवारी दुपारी ओंकारचे आईवडील पहिल्यांदाच आमच्याकडे यायचे होते, आणि त्यांना आमचं घर कसं वाटतं त्यावर पुढची बोलणी अवलंबून होती. आमच्या बाजूने शेवटचा शब्द माझ्या आईचा. आई मूळची मालवणची आणि श्रावणाला भलतीच कडक. श्रावणात आमच्याकडे अंड्याचं नावही काढायचं नाही, मासळीवाली दिसली तर तिच्याकडे बघून हसायचंही नाही.

शुक्रवारी मी दाराआड उभा राहून कपड्यांच्या घड्या घालत होतो. (घड्या एकदाच घातल्या होत्या. बाकी वेळ ऐकत होतो.) आत ऋतुजा ओंकारशी फोनवर बोलत होती.

"मला पायचंच टेन्शन आहे रे! मागच्या वेळी कापला आणि सगळा रस बाहेर! हो, या वेळी तवकीर घालतेय. पाय नीट बसला पाहिजे. तुझ्या आईला पायच आवडतो ना? मग झालं तर! आणि ऐक, बाबांना अजिबात कळता कामा नये."

माझ्या हातातली बनियन गळून पडली.

श्रावणात पाय! आणि मागणारी कोण, तर होणारी विहीण! ऋतुजाने 'पायाचं' न म्हणता 'पायचं' म्हटलं, हे माझ्या कानाला खटकलं होतं, नाही असं नाही. पण आमची मुलगी इंग्रजी शाळेतली. ती 'आंब्याचं लोणचं' न म्हणता 'आंबाचं लोणचं' म्हणते. तेव्हा मी ते व्याकरणाच्या खात्यात टाकलं आणि तपास पुढे चालू केला.

शनिवारी पुरावे सापडत गेले. ओट्यावर दालचिनी. आता पायाच्या रश्शात दालचिनी पडते हे मला कुणी शिकवायला नको! फ्रीजमध्ये लोण्याची मोठी वडी आणि बर्फाचं पाणी. दादरहून आणलेली तवकीर, म्हणजे रस दाट करायची सोय. मी सहज विचारल्यासारखं केलं, "काय गं, एवढी तयारी कसली?"

"काही नाही बाबा," ऋतुजा म्हणाली आणि फ्रीजचं दार लावून त्याला टेकून उभी राहिली. निष्पाप माणूस फ्रीजला टेकून उभा राहत नाही.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, "आई, वरून अंडं नको लावायला. श्रावण आहे ना, आजीला चालणार नाही. नुसतं दूध लावते."

अंड्याला श्रावण आणि पायाला नाही! आणि सुलभासुद्धा कटात सामील! मला संताप आला. खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं, कारण आषाढ संपल्यापासून मी दुधी खात होतो आणि मला कुणी साधं विचारलंही नव्हतं.

पोटात राहिना, म्हणून आईच्या कानावर घातलं. आईने जपमाळ थांबवली. "पाय? कोणाचो?"

"बकऱ्याचाच असणार."

आईने आपले गुडघे चोळले. मग हळूच म्हणाली, "गुडघ्यांक बरो आसता तो रस." आणि लगेच सावरून, "पण श्रावणात? देवा रे म्हाराजा! झिला, तू उघडून बघ. हाड गावला तर ही सोयरीक नाय म्हणजे नाय!"

म्हणजे आता माझ्या पोरीचं लग्न एका हाडावर येऊन ठेपलं होतं.

रविवारी दुपारी ऋतुजाने ओव्हनमधून एक खोलगट भांडं काढून ओट्यावर जाळीखाली ठेवलं. पाहुणे यायला अजून अवकाश होता. गजरे आणि आइस्क्रीम आणायला मायलेकी खाली निघाल्या. जाताना ऋतुजा म्हणाली, "बाबा, प्लीज, त्या भांड्याला हात लावू नका. गार होईपर्यंत तर अजिबात नाही!"

हे तिने गोदीतल्या तपासनिसाला सांगितलं!

लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला आणि मी जाळी उचलली. आत गोल, फुगीर, तांबूस भाजलेलं कणकेचं झाकण. कडेने करंजीसारख्या मुरडी घालून गच्च बंद केलेलं. मध्ये सुरीने पाडलेल्या चिरा आणि त्यांतून बुडबुडणारा तपकिरी रस. एवढ्या बंदोबस्ताने पाठवलेला माल मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

"उघड, उघड," आई मागून म्हणाली.

चिरेतून मी चमचा आत घातला. तो कशाला तरी अडला.

"आई, हाड!"

"बाहेर काढ!"

मी चमचा तिरका करून जोर लावला. झाकण कडाडलं, मधोमध खचलं आणि आतला कढत रस भांड्यातून ओट्यावर, ओट्यावरून माझ्या नव्या लेंग्यावर आला. चमच्यात जे आलं ते हाडासारखं दिसत नव्हतं. मी चाखलं. गोड! आईने चाखलं.

"अरे मेल्या, ह्या सफरचंद मरे!"

"सफरचंदाचा पाय?" मी म्हणालो, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाय! तो इंग्रजी पाय! बेकरीत काचेमागे असतो तो!

सोयरीक आईच्या बाजूने वाचली होती. पण ऋतुजाने ज्याच्यासाठी दोन दिवस जिवाचं रान केलं होतं, ते आता ओट्यावरून ठिबकत होतं. मला फार वाईट वाटलं. आईने मात्र पदर खोचला. "रडत काय बसतंस? कणीक हाड!"

"पुन्हा हाड?" मी दचकलो.

"अरे, हाड म्हणजे आण! मालवणी इसारलंस काय?"

मी पोळ्यांची मळलेली कणीक आणली. आईने तिच्या पट्ट्या थापून झाकणाला ठिगळं लावायला घेतली. रस मी पळीने भरून परत आत घालत होतो, तो खालच्या फटीतून पुन्हा बाहेर येत होता. शेवटी बराचसा फोडींसकट एका पातेल्यात काढून पंख्याखाली ठेवला. तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

गिरगावची माणसं वेळेच्या आधी आली होती! दारात ओंकारची आई, वडील, मागे पेढ्यांचा बॉक्स घेतलेला ओंकार. माझ्या हाताला कणीक, लेंग्यावर तपकिरी डाग.

"नमस्कार," ओंकारची आई आत येत म्हणाली. "ऋतुजा कुठे दिसत नाही?"

माझ्या डोक्यात एकच विषय होता. "काय सांगू," मी म्हणालो, "पाय मोडला."

"अगं बाई! कधी?"

"आत्ताच. माझ्याच हातून."

ओंकारच्या हातातला बॉक्स खाली पडला. त्याचे वडील म्हणाले, "तुमच्या हातून? अहो, डॉक्टरांना बोलावलंत की नाही?"

"डॉक्टर काय करणार? आई कणीक लावतेय."

"कणीक?"

"हो, मोडलं तिथे पट्ट्या लावल्यात. पण रस गळायचा थांबत नाही."

ओंकारच्या आईने भिंतीचा आधार घेतला. "आणि हाड? हाडाला काही झालं नाही ना?"

"छे! हाड नव्हतंच!" मी त्यांना धीर देत म्हणालो. "मी आत चमचा घालून नीट बघितलं."

ओंकारचे वडील हळूहळू माझ्यापासून लांब, दाराकडे सरकत होते. इतक्यात लिफ्टचं दार उघडलं आणि ऋतुजा केसांत गजरा घालून, आइस्क्रीम घेऊन, दोन्ही पायांवर चालत आत आली.

सगळे तिच्या पायांकडे बघत राहिले. ती माझ्या लेंग्याकडे बघत राहिली.

"बाबा," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तुम्ही उघडलात ना?"

मग सगळा उलगडा झाला. मागून आलेल्या सुलभाने पाहुण्यांसमोरच माझी उलटतपासणी घेतली. "ती 'पायचं' म्हणत होती हो, 'पायाचं' नाही! आणि तुमच्यापासून लपवलं ते एवढ्याचसाठी, की तुम्ही गार व्हायच्या आत उघडून बघाल!"

मी मान खाली घातली. बघतो तर ओंकारची आई स्वयंपाकघरात शिरली होती. आता संपलं, असं मला वाटलं. तिने पंख्याखालचं पातेलं तिरकं केलं. इतका वेळ गार झालेलं सारण जागचं हललं नाही. छान घट्ट बसलं होतं! मग तिने मोडलेल्या झाकणाचा तुकडा उचलून तोंडात टाकला. तो खुसखुशीत वाजलेला आम्ही सगळ्यांनी ऐकला.

"लोणी थंडच वापरलंस ना गं?" तिने विचारलं.

ऋतुजाने डोळे पुसत मान हलवली.

"कळतंय. आणि सारण तर मस्तच बसलंय! वाट्या काढ. कणकेची ठिगळं तेवढी यांच्या वाटीत घाल."

माझ्या वाटीत फक्त ठिगळंच आली. कच्ची होती, पण मी तक्रार केली नाही. आईने दोन वाट्या खाल्ल्या आणि गुडघ्यांना बरं वाटतंय म्हणून जाहीर केलं. त्याच बैठकीत लग्न ठरलं.

पुढच्या रविवारी विहीणबाईंनी ओंकारबरोबर स्वतः केलेला पाय पाठवला. त्यावर सबंध झाकण नव्हतं, कणकेच्या पट्ट्या एकमेकींत विणून केलेली जाळी होती. ओंकार हसू दाबत म्हणाला, "आईने मुद्दाम असा केलाय. म्हणाली, बाबांना न उघडता तपासता येईल."

मी चष्मा लावून फटीफटीतून नीट पाहिलं. वरून सगळं सफरचंदच दिसत होतं. तळाचं मात्र काही सांगता येत नव्हतं, म्हणून सगळे गप्पांत रमलेले बघून मी हळूच चमचा आणायला उठलो.