सैल बेल्टची कॅसेट

काल लातूरला भाचीनं फोनवर विलायती व्हायोलिन लावलं आणि पहिल्याच सुरांना मी ते ओळखलं. शेजारी अक्का, माझी थोरली बहीण, शेंगा सोलत होती.

कंधारच्या घरी आमच्याकडं याच वादनाची कॅसेट होती. टेपचा बेल्ट सैल पडलेला, त्यामुळं लय मंदावायची आणि सूर दोन पट्ट्या खाली उतरायचा. अक्कानं वर्षभर ऐकून ते तसंच व्हायोलिनवर बसवलं. माणूस गेलेल्या घरातल्या संध्याकाळसारखं वाजायचं ते. खरं वादन उड्या मारत चालतं, हे मी तीच कॅसेट मैत्रिणीच्या टेपवर लावून ऐकलं होतं. अक्काला सांगितलं नाही.

नांदेडचे मास्तर तिला शिकवायचं की नाही ते ठरवायला आले. तिनं डोळे मिटून वाजवलं. मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले, ते मला बघवेना. मैत्रिणीचा टेप मी मुद्दाम मागून आणला होता. त्यात आमची कॅसेट घालून तो पुढं सरकवला. "मास्तर, आता अस्सल ऐका."

दोन मिनिटांत सगळे हसायला लागले. मघाशी डोळे पुसणारे मास्तरही म्हणाले, "पोरी, वरातीची मयत करून टाकलीस की गं!"

अक्कानं एकेक तार सैल केली. पुन्हा कधी लावली नाही.

काल ती म्हणाली, "लई घाईत हाय. जरा हळू कर की."

मी फोनवर वेग कमी केला. लय मंदावली, पण सूर होता तिथंच राहिला. पट्टी उतरेना.

"हे न्हाई ते," अक्का म्हणाली. "ते तूच बंद केलंस की."